पिक्चरमधली पोरगी रडत होती

आई, जय जिनेंद्र.

राजारामपुरीत मी बरी हाय. मेसच्या काकू दिवस मावळायच्या आत ताट वाढतात, काळजी नको. धाकट्या अनेकांतचा खोकला थांबला का?

परवा क्लासनं आम्हाला पिक्चरला नेलतं. त्यातल्या पोरीला जगावंसं वाटत न्हाय. ती जेवण सोडती, दार लावून रडती, म्हणून घरच्यांना कळतं. सगळ्या पोरी रडल्या, मला मात्र रागच आला. खरं तसं नसतंय की! तसं वाटणारी पोरगी वेळेवर जेवती, चाचणीत पहिली येती.

तू रोज फोनवर विचारतीस, "दिवस मावळायच्या आत जेवलीस न्हवं?" मी व्हय म्हणते. ते खरंच असतंय.

बाकीचं फोनवर तोंडातनं निघत न्हाय, म्हणून लिहिलं. पत्र मिळालं की पहिल्या एस्टीनं ये. आल्यावर जेवलीस का, ते विचारू नको.

तुझीच,
दीपा