मामांच्या गाडीला हात

२४ मे, रवि., लातूर

मुदखेडहून मामींचा, म्हणजे सासूबाईंचा फोन. ७ जूनला धोंड्याच्या जेवणाला बोलावलंय. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, त्यामुळं सासरवाडीत जोरात तयारी. कपडे, अनारसे, चांदीचं काहीतरी. मला त्यातलं काहीच नको. मला एकदा, फक्त एकदा, मामांची गाडी चालवायचीय.

लाल, टू-स्ट्रोक मोटारसायकल, वयानं माझ्याहून मोठी. मामांनी रेल्वेत लागल्या लागल्या घेतली. आता रिटायर झाले तरी रोज सकाळी तिच्यावरच दूध आणायला जातात. एरवी ओसरीत चादर पांघरून उभी. घरात कुणी तिला हात लावत नाही. मनी त्यांची एकुलती एक लेक, तिला गाडी शिकवली ती शेजाऱ्यांच्या स्कूटीवर!

मनीला म्हणलं, मागू का? तर म्हणाली, "जावयानं मागितलं की बाबांना न्हाई म्हणता येत न्हाई. मग ते मागणं राहत न्हाई, वसुली होती."

बरोबर आहे. पण क्लासमध्ये पोरांना दिवसभर घर्षण शिकवून राहिलो अन् डोक्यात किक.

२५ मे, सोम.

माझे स्वतःचे नियम तर लई कडक. दुसऱ्याच्या गाडीवर टेकायचं नाही. विचारल्याशिवाय बसायचं नाही. ॲक्सिलेटर पिळायचा नाही. आरशाला तर बिलकुल हात नाही. मागं क्लासच्या पार्किंगमध्ये एकानं माझ्या गाडीचा आरसा वळवून त्यात भांग पाडला, दिवसभर टाळकं फिरलं होतं माझं. म्हणजे मला कळत नाही असं थोडंच आहे. ७ तारखेला नुसतं लांबून बघायचं, बस.

३० मे, शनि., मुदखेड

मनीला पुढं माहेरी सोडायला आलो. चुकलो. लई चुकलो. लिहूनच टाकतो.

मामा ओसरीत गाडी पुसत होते. मी शेजारी हात मागं बांधून, देवळात उभं राहावं तसा. त्यांनी वर पाहिलं अन् म्हणाले, बसा की पाव्हणं. बसलो! हँडल धरलं. क्लच इतका मऊ की काय सांगू. तोंडातून गेलं, काय गाडी आहे मामा!

"तुमचीच हाय," मामा म्हणाले.

अन् मी, गाढव, म्हणलं, "मग नेतो की लातूरला."

सगळे हसले. मामाही हसले. मग फडकं झटकून आत गेले. टाकी अर्धीच पुसलेली.

"तुमचीच हाय" हे आपल्याकडं कुणीही म्हणतं. म्हणायचं असतं. त्यावर "तुमच्याकडंच शोभते" म्हणून विषय संपवायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात जावई, त्यात धोंड्याचा महिना. जावयाची मस्करी या महिन्यात कोण मस्करी धरतंय?

२ जून, मंगळ., लातूर

मनीचा फोन. गाडी नांदेडला मेकॅनिककडं दिलीय. नवे टायर, सीटला नवं कव्हर. माझ्या नावावर करायला काय कागद लागतात तेही मामा विचारून आले. धोंड्याचं वाण म्हणून गाडी! मला!

आधी काय केलं ते खरं लिहितो. नाचलो. फोन कानाला, हातात पोळी, स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. जिन्याखाली लावायची हेही ठरवून टाकलं, तिथं ऊन येत नाही.

मग मनीनं पुढचं सांगितलं. मामा गाडी टाकून पॅसेंजरनं परत आले, तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलत नाहीत. दूध आणायला पायी जाऊन राहिले. मामी म्हणाल्या, शेजाऱ्यांची सायकल घ्या तोवर. तर म्हणाले, "असू दे. सवय करून राहिलो."

नाचणं तिथंच संपलं.

४ जून, गुरु.

मनीला म्हणलं, सरळ कळवतो की गाडी नको. ती भडकलीच. आता नको म्हणलात तर बाबांना वाटंल, जुनी म्हणून पाव्हण्यांनी नाक मुरडलं. कर्ज काढून नवी आणतील. खरंच आणतील, मामा तसे आहेत. घेतली तर त्यांचा जीव जातो, नाही घेतली तर अब्रू. सगळं माझ्या एका फालतू वाक्यानं.

अन् एवढं असूनही मधेच तिचा आवाज आठवतो अन् पोटात गुदगुल्या होतात. लाज वाटते. पण होतात, काय करू.

७ जून, रवि., मुदखेड

पाटावर बसवलं. धोंडे, तूप, अनारशांचं ताट, अन् अनारशांवर चावी. ओसरीत गाडी चकाचक, हँडलला हार. औक्षण करताना मामी माझ्याकडं बघेनात.

चावी उचलली. म्हणलं, "मामा, हिची किक मला एकट्याला जमायची न्हाई. तुम्ही मागं बसून शिकवा."

मामांनी पायात चपला सरकवल्या.

बारडच्या रस्त्याला लागलो. काय सांगू! दोन्हीकडं केळी, तो तेलकट धुराचा वास, ते टर्रर्र. मी ओरडलो, अक्षरशः ओरडलो पोरासारखा, अन् मागं मामाही हसायला लागले. लग्नापासून त्यांना असं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. गिअर बदलायची वेळ आली की आधीच त्यांची बोटं खांद्यात रुतायची, मग मी गिअर टाकायचो. इंजिनचा आवाज मला कळायच्या आधी त्यांना कळत होता. हँडल माझ्या हातात होतं एवढंच, गाडी मामाच चालवत होते.

घरी येऊन स्टँडला लावली. टाकीवर धूळ बसलेली. मामांनी सवयीनं खांद्यावरचं फडकं काढलं, हात पुढं नेला, अन् मधेच थांबवला.

"पुसू का?" मला विचारलं त्यांनी.

मी मान हलवली. मामा खाली बसून टाकी पुसत राहिले, मी तिथंच उभा. मनी दारातून बघत होती.

सकाळी लातूरला निघायचं. चावी माझ्या खिशात. मनीनं आत्ता बॅग भरता भरता विचारलं, कशानं जायचं, गाडीवर का बसनं?

म्हणलं, सांगतो.