तोंड एक, कामं दोन

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

(साष्टांग कागदावरच, कंबर धरली आहे.) तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील अशी आशा करते. इकडची खुशाली विचाराल, तर तुमच्या भावाने माझा जीव मेटाकुटीला आणला आहे.

त्यांचा दम फारच वाढला. न्हाणीघरातून खाटेपर्यंत यायचं, तर मध्येच भिंतीला टेकून उभे. छातीच्या डॉक्टरांनी आधी त्यांना वजनकाट्यावर चढवलं. मला वाटलं, आजार फुप्फुसांचा आणि हे वजन काय करत बसलेत! (काटा पाहिला आणि तो विचार मागे घेतला. सदरा अंगात आहे की खुंटीवर, ते कळत नाही.) डॉक्टर म्हणाले, "बाई, यांना नुसता श्वास घ्यायलाच आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. खाल्लं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू खातं, त्यात श्वासाचेही आले." आणि हे आपले 'पोट हलकं तर छाती हलकी' म्हणत पातळ सूपवर दिवस काढत होते!

मग आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, थोडं थोडं पण सारखं खा. पोट गच्च भरलं की ते छातीला खालून ढकलतं. अंडी, दूध, लोणी, डाळी. म्हणजे मी दिवसभर ओट्यापाशी. तेही केलं असतं हो. पण उभा जन्म बाजारात फळांचे लिलाव पुकारलेला हा माणूस जेवताना गप्प बसेल तर शपथ! घास तोंडात, आणि शेजाऱ्याने गाडी कशी वाकडी लावली यावर भाषण. मग ठसका, मग दम, मग ताट बाजूला. म्हणे, पोट भरलं. कशाने, हवेने?

शेवटी मी फर्मान काढलं, जेवताना कोणी बोलायचं नाही. मुलगा आणि सूनबाई माना खाली घालून जेवू लागले. तर दोन घासांत यांनी चमचा ठेवला. "असे मुके समोर बसले की अन्न उतरत नाही." रेडिओ लावला, तर बातम्या देणाऱ्या बाईशीच वाद घालू लागले. (ती ऐकत नाही, याचाही राग.)

काल हे लोण्याच्या बरणीचं झाकण उघडायला गेले. हातात जोरच नाही. बरणी मांडीवर घेऊन बसून राहिले, आणि एक शब्द बोलले नाहीत. वन्सं, इतके दिवस मी चिडले होते, तेव्हा मात्र घाबरले.

असो. प्रकृतीला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. : रागावू नका, पण तुम्ही बोलू लागलात की समोरच्याला 'हो' म्हणायलाही फट मिळत नाही. (कौतुकानेच म्हणते.) तुमच्यापुढे त्यांचं तोंड रिकामं राहील, आणि मला त्यात काहीतरी घालता येईल. मिळेल त्या गाडीने निघून या.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत त्यांनी पत्र वाचलं. "ताईला बोलावू नकोस, काय हवं ते खातो," म्हणाले, आणि दोन अंडी मुकाट्याने संपवली. तेव्हा तिकीट काढू नका. येते आहे, असं पत्राने कळवत मात्र राहा.