चिमणाबाईंच्या डंकाचं लायसन्स

३ मार्च
ठरलं. आपल्या गल्लीत चिमणाबाईंच्या डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, वर्षाची मिरचीची चटणी कुटायला पहाटेपासून डबे लागतात. बायका डबा सांभाळत उन्हात ताटकळतात. मी ॲप करतोय. घरबसल्या नंबर! चिमणाबाई म्हणाल्या, पाडव्यापत्तोर आण, लावूया की. सत्तावीस दिवस आहेत. चिक्कार झाले.

४ मार्च, सकाळी ६.१०
कोड जगाला फुकट देणार. ओपन सोर्स. पण कुठल्या अटींवर? आधी लायसन्स. कोड काय, दोन संध्याकाळचं काम.

११ मार्च
एमआयटी लायसन्स वाचलं. एवढंसं. लेखकाचं नाव ठेवा, बाकी काय वाट्टेल ते करा. म्हणजे अमेरिकेतली एखादी कंपनी माझं ॲप उचलणार, आणि मी शिरोलीत फाउंड्रीचं स्टोअर सांभाळणार? बाद.

१९ मार्च
जीपीएल, हे दुसरं लायसन्स. बदल करून वाटलंत तर तुमचाही कोड खुला करा. हे आपल्या स्वभावाचं. ऑफिसात तीन प्रती छापल्या. अनुजाला वाचून दाखवलं. दुसऱ्या कलमाला ती मिरच्यांचे देठ मोडायला गच्चीवर गेली. बायको चांगली आहे, पण कायद्याची आवड नाही.

३० मार्च, पाडवा
चिमणाबाईंनी विचारलं, आणलंस? म्हटलं, लायसन्सचं चाललंय. म्हणाल्या, असू दे, माझ्याकडं खडू हाय. आता डब्याच्या झाकणावर नंबर लिहितात आणि बायकांना घरी पाठवतात. खडू! या काळात! कीव आली.

६ एप्रिल
फाउंड्रीतल्या कॉम्प्युटरवाल्याचा, अनेकांतचा, सल्ला घेतला. म्हणाला, आधी कोड दाव की भावा. म्हटलं, दाखवला आणि तू ढापलास तर? आता तो डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसतो. जळतो.

१४ एप्रिल
परक्यांची लायसन्सं आपल्या मातीत चालत नाहीत. स्वतःच लिहितोय. कलम १: कुणीही वापरावं. कलम २: सांगलीवाल्यांनी आधी विचारावं. कलम ३: वापरताना यशराज हे लेखकाचं नाव मोठ्यानं घ्यावं. कलम ४: चटणी जळजळीत झाल्यास लेखक जबाबदार नाही.

२ मे
एकेचाळीस कलमं झाली. गच्चीवर गेलो तर माझ्या जीपीएलवर मिरच्या वाळत घातलेल्या. ओरडलो. अनुजा म्हणाली, कशाला तरी उपयोगी पडू द्यात की. निषेध म्हणून जेवलो नाही. चार वाजता जेवलो.

११ मे
प्रोजेक्ट जगासमोर ठेवला. तूर्त फाइल एकच, लायसन्सची. ऊर भरून आला.

१६ मे
पहिला प्रतिसाद! थेट पोलंडहून! म्हणतो, लायसन्स वाचून पोट धरून हसलो, पण प्रोग्राम कुठाय? हसला का, कळलं नाही.

२० मे, सकाळी ७.३०
डंकाचा यंदाचा शेवटचा दिवस. पलीकडच्या गल्लीतला कालच बंद झाला. अनुजानं डबा घेऊन पाठवलं. चिमणाबाईंनी झाकणावर ६३ लिहिलं आणि दहाला यायला सांगितलं; माणूस समोर नसेल तर त्या कुटत नाहीत. पलीकडच्यांनीही यंदा खडूच वापरला म्हणे. विचारलं, तुमची पद्धत उचलली, काही अट घातलीत? म्हणाल्या, अट कसली? दुसऱ्याचा नंबर पुसायचा न्हाय, बास.
एमआयटीपेक्षा लहान! हे बेचाळिसावं कलम. आत्ताच नीट लिहून काढतो.

२० मे, दुपारी १
लिहिता लिहिता साडेबारा झाले. पळत गेलो. चिमणाबाई कुलूप लावून लेकीकडे गेलेल्या. पायरीवर आमचा डबा, न कुटलेला, झाकणावर ६३. कुणीही पुसला नव्हता.
वर्षभर विकतची चटणी. कोल्हापुरात.