अक्राहून नेलेले पाव

शनिवार, १२ ऑगस्ट
पोचले एकदाची गावी! निघताना अक्राच्या बसस्थानकावर बायका खिडकीतून पाव आत ढकलत होत्या. गावी रिकाम्या हातानं कसं जायचं? दोन पिशव्या भरून साखरपाव घेतले — पांढरे, कापसासारखे. उतरल्या उतरल्या घरोघर वाटले. पोरं नाचली. "एन्योनाम आजी, हा तर चावावाच लागत नाही!" फार बरं वाटलं.

रविवार, १३ ऑगस्ट
काय करून बसले मी!
चर्च सुटल्यावर केकेलीताई नेहमीसारखी पावांची पाटी घेऊन बसली. काल दिवसभर भाजत होती — आईच्या त्याच मातीच्या भट्टीत. रविवारी अख्खं गाव तिचाच पाव खातं. आज कोणी फिरकलं नाही. घरोघर माझे पाव! शेजारची आब्रा जाता जाता म्हणाली, "काय गं केकेली, सख्ख्या बहिणीनंच धंदा बुडवला की!" सगळे हसले. ताईही हसली. पण डोळे लाल होते. रडली असणार.
मी तिचा एक पाव घेऊन बसले. जाड कवच, आत ताडीचा आंबूस वास. आई पीठ ताडीनंच फुगवायची. मिशनच्या हॉस्टेलवर पाव पाठवायची, तेव्हा सिस्टर नाक मुरडायच्या — "ही दारू कुणी आणली?" मी तो उशीखाली लपवून खायची. दरवर्षी त्या वासासाठीच तर येते.
शाळेत मला धाडलं. भट्टीपाशी ताई राहिली. आणि आता हे.

सोमवार, १४ ऑगस्ट
ताई उरलेले पाव शेळ्यांना कुस्करून घालत होती. "ताई, चुकलं माझं." "अगं वेडे, शेळ्यांची चंगळ झाली!" मला हसता आलं नाही.

मंगळवार, १५ ऑगस्ट
परत अक्रा. पुन्हा गावी पाव न्यायचा नाही. कधीच नाही.

रविवार, २७ ऑगस्ट
ताईचा फोन. आवाज कसा मोकळा! भट्टीत कोंबडी बसवलीय म्हणे, अंडी उबवायला. "पोरगा कधीचा म्हणतोय, आई, पुरे कर. पण तू दरवर्षी येऊन पाव हुंगायचीस, रडायचीस. तुझ्यासाठीच पेटवत होते गं. या खेपेला तूच शहरातला आणलास — म्हटलं, सुटले बाई!"
मी विचारलं, "मग त्या दिवशी डोळे लाल का होते?"
"आत्ता दिसले होय तुला? धूर गं. कितीतरी वर्षांचा."