बिनफेसाची कॉफी

४ जानेवारी
"फेस नको म्हणणारं गिऱ्हाईक आलं, की मला हाक मार." नाना, माझे वडील, म्हणाले होते. मी तेव्हा नऊ वर्षांची, राजवाड्यामागच्या आमच्या कॉफीच्या दुकानात स्टुलावर बसलेली. हाक मारायची वेळ कधी आली नाही. इंदूरला एस्प्रेसो म्हणजे वाफेनं फुगवलेलं दूध आणि वर चॉकलेटची भुकटी. बिनदुधाची काळी कॉफी दाबून काढायचा मशीनचा लांब दांडा नुसता शोभेला.

आज ते मशीन माळ्यावरून उतरवलं. सतीशनं, माझ्या धाकट्या भावानं, विजय नगरच्या एका कॅफेला कबूल केलंय. महिनाअखेर नेणार. आतलं सगळं काढून दिवा लावणार म्हणे. "ताई, इथल्या इंदुरी भिया लोकांना फक्त लुक पाहिजे." नाना म्हणाले, दे.
त्याआधी मला ते एकदा चालवायचंय.

९ जाने.
बॉयलरमध्ये लिंबूसत्त्वाचं पाणी. खाराचे पोपडे सुटतायत. वाफेच्या नळीत वाळलेलं दूध, दगडासारखं. लेथवाल्या हमीदभाईंनी दांड्याची स्प्रिंग काढली. "मैडम, बॉयलर बुढ्ढा हो गया, और स्प्रिंग अभी घोड़ी भी नहीं चढ़ी!" मलाही हसू आलं. रिक्षात बसल्यावर मात्र वाटलं, लग्नाच्या घोडीचा तो विनोद माझ्यावरही बसतो.

१५ जाने.
रबराचे वॉशर नवे कापून आणले. एक जाड निघाला, पिस्टन अडकला. घासत बसले. नाना दारात येऊन उभे राहतात. लकव्यापासून उजवा हात खिशातच.

२१ जाने.
दांडा हातातून सुटला, थेट हनुवटीवर. रक्त थोडं.
नाना आतूनच, "पाणी भरायच्या आधी सोडलास ना?"
नुसत्या आवाजावरून! त्यांच्या हनुवटीखालची खूण मी आजवर दाढी करताना कापल्याची समजत होते.

२५ जाने.
निघाली. पहिले दोन कप जळके, ओतून दिले. तिसरी बरी. काळी, दाट, वर तपकिरी साय. नानांना बशीत दिली. डाव्या हातानं बशी धरून प्यायले. "ह्यात दूध घालू नकोस कुणाच्या सांगण्यानं." आणि अजून मागितली.

२८ जाने.
सतीशचा फोन. परवा टेम्पो येतोय. म्हटलं, चालतंय रे ते आता. "नाना हो म्हणालेत ना? मग तू लफडा नको करू."
खरं आहे. मशीन नानांचं. आणि नानांनी सतीशला कधी कशाला नाही म्हटलं नाही. दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं सतीशनं ठरवलं, तेव्हाही नाही. मान हलवली आणि किल्ली काढून दिली.

२९ जाने.
सकाळी त्यांच्या खाटेशी बसले. पेपर बाजूला ठेवला त्यांनी. 'नेऊ दे त्याला' हेच उत्तर येणार हे माहीत होतं, तरी म्हटलं, "नाना, मी फोन लावून देते. सतीशला तुम्ही स्वतः सांगा, मशीन द्यायचं नाही."