हळदी-कुंकवाची बदकं

औंढे (मावळ),
१६ ऑक्टोबर १९६५

प्रिय बजरंग,

दर पत्रात आधी आशीर्वाद लिहिते. आज हात उचलला नाही, म्हणून नुसतंच 'प्रिय' लिहिलं आहे. तेवढं मात्र खोडवत नाही.

काल शाळा सुटल्यावर तळ्यावर गेले होते. पाणी आता निवळलंय. वरच्या माळावर सोनकी फुललीय आणि उत्तरेकडून पहिले दोन धोबी पक्षी आलेत, बांधावर शेपट्या हलवत फिरत होते. एरवी घरी येऊन लगेच वहीत तारीख टाकली असती. काल वही उघडली आणि मिटून ठेवली. पंधरा वर्षांची वही ती. त्यातली पहिली चित्रं तुझी आहेत. अकरा वर्षांचा होतास. वरच्या वाडीचा सावळाआबा तुला गवतातून पोटावर सरपटत न्यायचा आणि टिबुकलीचं तरंगतं घरटं लांबून दाखवायचा. तू अंड्याला हात लावायला गेलास तेव्हा त्याने तुझा हात धरून मागे ओढला होता. त्यावर तू दोन दिवस रुसला होतास.

ऑगस्टमध्ये मी तुला हौसेने लिहिलं, की यंदा हळदी-कुंकू बदकाने आपल्याच तळ्यात नऊ पिल्लं काढलीत, पलीकडच्या लव्हाळ्यात, मोडक्या जांभळीच्या खाली. तू उलट टपाली उत्तर पाठवलंस. एवढ्या लवकर तुझं उत्तर कधी येत नाही, पण मला त्याचं नवल वाटलं नाही, आनंद झाला. कारखान्यात मोठा अधिकारी झाला तरी माझा भाऊ पाखरं विसरला नाही, असं मी शाळेत चारचौघांना सांगितलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी तू तुझ्या कारखान्याच्या साहेबांना आणि त्यांच्या दोघा पाहुण्यांना घेऊन आलास. साहेबांची ती जर्मन दुर्बीण माझ्या हातात दिलीस तेव्हा मी पोरीसारखी हरखले. चोचीच्या टोकाचा पिवळा रंग, कपाळाजवळचे ते दोन लाल ठिपके, जन्मात इतक्या जवळून पाहिले नव्हते. पिल्लं मोठी झाली होती, पण अजून नीट उडता येत नव्हतं त्यांना, पाण्यावरून नुसती फडफडत पळायची. मीच साहेबांना सांगितलं, अजून पंधरा दिवस तरी ही लव्हाळ्यातून हलायची नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "बाई, सकाळी किती वाजता बाहेर येतात?" मी वेळही सांगितली.

रविवारी दुपारी साहेबांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर तू मला जेवायला बोलावलंस. गावठी कोंबडा आहे म्हणालास. मांस काळसर होतं, जरा चिवट, पण रस्सा झणझणीत होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे लिहिताना माझीच मला शिसारी येते, पण लपवणार नाही. मला चव आवडली होती. मग दाताखाली कट्कन काहीतरी आलं. बोटावर काढून पाहिलं तर शिशाचा छर्रा. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पटकन पाहुण्यांकडे वळून क्रिकेटबद्दल बोलायला लागलास. त्या क्षणी मला कळलं होतं, बजरंग. तरी मी तो घास गिळला. चारचौघांत थुंकायचं कसं, म्हणून गिळला.

हात धुवायला मागच्या मोरीपाशी गेले. तिथे पंखांचा ढीग पडला होता. शेंदरी पाय मुळापासून तोडलेले, मुंड्या बाजूला, त्यांवर मुंग्यांची रांग. एका कुत्र्याने आतडं ओढत पायरीपर्यंत आणलं होतं. मी मोजलं, आठ मुंड्या. सहांच्या कपाळावर लाल ठिपका अजून उमटलाही नव्हता. मी तिथेच ओकले. तू मागून आलास. पाठीवरून हात फिरवशील असं मला वाटलं. तू म्हणालास, "ताई, साहेबांसमोर तमाशा नको."

इथवर असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. चार दिवस तुझ्याशी बोलले नसते आणि भाऊबीजेला पुन्हा सगळं गोड झालं असतं. आपल्या घरात असंच होत आलंय.

पण सोमवारी रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसासारखी थकलेली हिरी माझ्या शाळेच्या दारात येऊन बसली. सावळाआबाची ती बायको, तू तिला मावशी म्हणायचास. जंगल खात्याचा गार्ड आबाला धरून वडगावला घेऊन गेला होता. रविवारी पहाटे बार ऐकल्यावर आबा तळ्यावर धावला होता. तुम्ही निघून गेल्यावर त्याला लव्हाळ्यात एक पिल्लू सापडलं, पंख मोडलेलं. ते त्याने घरी आणलं. हिरी सांगत होती, "टोपलीखाली झाकलं व्हतं, बाई. नाचनीचं पीठ चारीत व्हते. त्येच उचलून दाखवलं गार्डानं, म्हनं ह्योच पुरावा. पिल्लावाल्या पाखराला आमी कदी हात लावलाय व्हय?"

मंगळवारी रजा टाकून मी वडगावला गेले. गार्ड माणूस वाईट नाही. त्याने मला कागद दाखवला. बंगल्यावर चौकशीला गेला होता, तिथल्या एका जबाबदार गृहस्थाने लेखी दिलं होतं, की वरच्या वाडीचे ठाकर बंदीच्या दिवसांतही बदकं मारतात, त्यांच्याकडे लपवलेली बंदूक असते. खाली सही. 'ब'ची ती गोल गाठ मी तुला पाटीवर गिरवून शिकवली होती. गार्डने विचारलं, "बाई, ओळखीचे आहेत का?" मी म्हटलं, "माझा भाऊ आहे."

बाकावर आबा उकिडवा बसला होता. मला पाहून उठला. म्हणाला, "शालनताय, बजरंगाला न्हाई सांगायचं हे. तो धावत यील, उगा त्याच्या नोकरीचा खोळंबा." त्याला कागदातलं काही ठाऊक नव्हतं. मला तिथे जी किळस आली, तिच्यापुढे मोरीतला तो ढीग काहीच नव्हता. मी आबाला जामीन राहून घरी आणलं. वाटेत त्याला खरं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "त्याला कुनीतरी भ्या घातलं आसंल." तुला शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आणि काल तुझं पत्र आलं. तू लिहितोस, की साहेबांचं नाव आलं तर तुझी बढती गेली, म्हणून मी कोर्टात एवढंच सांगावं, की ती बदकं आपण सावळाकडून घेतली. गरीब माणूस आहे, कोर्ट समज देऊन सोडून देईल, असंही लिहितोस. तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी वाटलं, हे दुसऱ्या कोणाचं तरी पत्र आहे. नाही, बजरंग. बुधवारी अकरा वाजता वडगावला माझी साक्ष आहे. मी दाखवलेली जागा, मी सांगितलेली वेळ, मी खाल्लेलं ताट, सगळं सांगणार आहे, आणि बंदुका कोणाच्या होत्या तेही. तुझं नाव घेताना माझा आवाज कापेल, पण मी घेईन. हे तुला समन्सावरून कळू नये म्हणून लिहिते आहे. अजून चार दिवस आहेत. सकाळच्या गाडीने ये आणि तू लिहून दिलेलं खोटं होतं, हे तुझ्या तोंडाने सांग. आलास, तर लोक काय वाटेल ते बोलोत, मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास, तरी मी तिथे असेन.

तुझीच ताई,
शालन