बर्गबाकनला उतरणाऱ्यास

प्रिय एस्किल,

आम्ही घर बदललं, हे आधी सांगून टाकते. खाण सरकत सरकत आपल्या गल्लीखाली आली. रात्री सुरुंग उडाले की कपाटातल्या बश्या वाजायच्या, ते तुला आठवतच असेल; शेवटी शेवटी तर तळघराच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग पडली. मग खाणीची माणसं आली, आपल्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायली, आणि रानात लिंगनबेरी पिकायच्या सुमारास बर्गबाकनवरची सगळी घरं रिकामी झाली. काही घरं अख्खीच्या अख्खी ट्रकवर चढवून नेली. आपलं पिवळं घर नेण्याजोगं नव्हतं म्हणे. ते तिथंच राहिलं, आणि मला नि आईला गावापलीकडच्या माळावर, नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. नळ सोडला की लगेच गरम पाणी. लिफ्ट आहे. भिंतींना अजून रंगाचा वास येतो, आणि शेजारी कुणी खोकलेलंही ऐकू येत नाही.

मी अजून इस्पितळाच्या धुलाईघरातच आहे. हिवाळ्यात काम सुटतं तेव्हा अंधार कधीचाच पडलेला असतो. बस तीच, तीन नंबरची. पूर्वी बर्गबाकनला संपायची, आता तिथून पुढे माळावर जाते. पहिले काही आठवडे मी रोज जुन्याच थांब्यावर उतरले. खिडकीतून कडेची बर्चची झाडं दिसली की हात आपोआप घंटीकडे जायचा, आणि बस निघून गेल्यावर लक्षात यायचं की आपण काय केलं. एकदा उतरले तर शेजारचा हारल्ड, ज्याच्या कुत्र्याला तू घाबरायचास तोच, बाजाराची पिशवी घेऊन तिथं उभा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, “पायांना अजून कुणी कळवलेलं नाही, रौनी.” मग आम्ही पुढच्या बसची वाट बघत उभे राहिलो. समोर आमचीच घरं, एकाही खिडकीत दिवा नाही. हारल्डनं घरांकडे पाठ केली नाही. मीही नाही.

आईचं सांगते. आई नव्या घरात आली, खुर्ची खिडकीशी ओढून बसली आणि विचारलं, “इथून काय दिसतं?” गाड्या उभ्या करायची जागा दिसते, म्हटलं. “आणि थांबा?” थांबा इमारतीच्या मागे होता. तिनं पडदे लावू दिले नाहीत. खोकी तशीच बांधलेली. जेवताना अंगात कोट. मला राग यायचा. सगळं गाव हललं, चर्चसुद्धा चाकांवर बसून गेलं, आणि हिलाच काय झालंय, असं वाटायचं. खरं तर मला माहीत होतं काय झालंय. तुलाही कळलं असेल.

चाळीसेक वर्षांपूर्वी तू गेलास त्या संध्याकाळी ती जुन्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. बाबा तुला खाणीत चिकटवायला निघाले होते, तू टेबलावरून उठलास, जेवण अर्धं टाकलंस. दारात तिला म्हणालास, “शनिवारच्या बसनं येतो.” ती बस वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. त्यानंतर नॉर्वेतल्या नार्विकहून तुझं एक कार्ड आलं. इथला समुद्र गोठत नाही, एवढंच त्यावर होतं. मग काहीच नाही. वसंतात कुणीतरी सांगत आलं की तिथल्याच लोफोटेन बेटांकडे एक मासेमारीची बोट बुडाली, तिच्यावर स्वीडनचा एक पोरगा होता, नाव कुणाला धड ठाऊक नाही. बाबांनी ते मानलं. तू तिथं नसलास तरी तुझ्या नावाचा दगड चर्चच्या आवारात बसवू म्हणाले. आई म्हणाली, “दगडाला जेवायला वाढता येत नाही.” दगड बसला नाही. बाबा गेले, त्यांचा बसला. आणि आई दर संध्याकाळी बसच्या वेळेला खिडकीत यायची, इतक्या सहज, की घरात आम्ही त्याकडे बघायचंच सोडून दिलं. आता खिडकीच गेली होती.

तर ऑक्टोबरात तिनं बस धरली. मी कामावर असताना काठी घेऊन लिफ्टनं खाली जायची, बसमध्ये बसायची, बर्गबाकनला उतरायची, आणि तिथल्या आडोशातल्या बाकावर बसून राहायची. तीच बस इस्पितळापर्यंत जाऊन फिरून आली की तीत चढून घरी. मला हे कळलं ते मी स्वतः त्या बसमध्ये असताना. बस थांबली, दार उघडलं, आणि पायरीवर आई. मला बघून जराही दचकली नाही. शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आज नाही.” जणू दुकानात ब्रेड नव्हता.

चालकाचं नाव तेस्फाय. एरिट्रियाचा आहे, दोन मुलींचा बाप, आपल्या थंडीला शिव्या घालतो आणि तरी जायचं नाव काढत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला खडसावलं. म्हटलं, म्हातारी बाई, उणे वीस, तुम्ही तिला तिथं उतरवताच कसं? तो आरशात बघत शांतपणे म्हणाला, “आजींनी कुठं उतरायचं ते मी कसं ठरवणार? त्या परत चढतात की नाही, ते मी बघतो.” पुढे नगरपालिकेनं थांब्याची पाटी काढली. आडोसा तेवढा राहिला. तेस्फाय तरी थांबायचा. कुणी प्रवासी कुरकुरला नाही. बसमध्ये निम्मे लोक आपल्याच गल्लीतले, ते तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघत, आणि दार लागलं की पुन्हा पुढे तोंड करत.

जानेवारीत एका संध्याकाळी मला कामावरून यायला उशीर झाला. घरी पोचले तर आईनं कोट काढून ठेवला होता. हात लालभडक झालेले. मी हातमोजे विचारले. ती म्हणाली, “एस्किलला दिले. त्याचे हात गार पडले होते.” एस्किल, मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. तिनं सगळं सावकाश सांगितलं, घाई नाही, डोळ्यांत पाणी नाही. तो आधीपासूनच बाकावर बसलेला होता. डोकं उघडं, केस बाबांसारखे मागे वळवलेले, दाढी पांढरी. दात पडलेत, तिनं हेही सांगितलं, आणि तेव्हा तिला वाईट वाटलं. तिनं त्याला विचारलं, जेवलास का? जेवलो, म्हणाला. तिनं सांगितलं की आता घर इथं नाही, सगळे पलीकडे गेलोय, चल. तो म्हणाला, “आज नको, आई.” मग बस आली.

मी तिला काय म्हणणार होते? रात्रभर ती झोपली आणि मी जागी. तिचं वय बघता डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण सकाळी मी आधी बर्गबाकनला गेले. बाकाच्या खाली, मागे, बर्फात, सगळीकडे हातमोजे शोधले. मिळाले नाहीत. संध्याकाळी तेस्फायच्या बसमध्ये चढले आणि काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “काल आजींबरोबर कोण होतं?” मी विचारलं, कोण? तो म्हणाला, “एक माणूस बाकावर होता. आजी चढल्या, तो नाही चढला. मी म्हटलं, येतोस का, इथं आता कुणी राहत नाही. त्यानं मान हलवली.” चेहरा? दिसला नाही. केस? “डोक्यात टोपी होती, कानापर्यंत ओढलेली.” आई म्हणते उघडं डोकं, तो म्हणतो टोपी. मी दोघांनाही पुन्हा विचारलं. दोघंही आपल्या बोलण्यावर ठाम.

त्यानंतर आई एकदाही बसमध्ये चढली नाही. खोकी सोडली. मला म्हणाली, पडदे लाव गं, समोरचे लोक बघतात. कोट खुंटीला लागला. तुझं नाव काढायची ते कुणी परगावी नोकरीला असल्यासारखं. आणि उतरायला लागले मी. आता पायांची चूक नव्हती. रोज त्या बाकावर बसायची, बस फिरून येईपर्यंत. तिथली शांतता तुला सांगता येणार नाही. कुत्रं नाही, धुराडं नाही, फावड्याचा आवाज नाही. बर्फ दारांच्या कड्यांपर्यंत साचलेला. खाली कुठंतरी खोल खाण चालू असते, तिची घरघर कानांना नाही, बुडाखालच्या फळीला कळते. एकदा मात्र ताज्या बर्फात पाऊलखुणा होत्या. आडोशापासून आपल्या फाटकापर्यंत, कुंपण वाकवलेलं तिथून आत, आणि मागच्या पायरीपर्यंत. परतीच्या नव्हत्या. वाऱ्यानं पुसल्या असतील, हे मला समजतं. मी मागच्या दाराशी गेले. दार लागलेलं होतं, पण कडीवर बर्फ नव्हता. मी तुला हाक मारली, आपल्या घरातल्या फिनिश बोलीत, जी मी आता आईखेरीज कुणाशीच बोलत नव्हते. उत्तर आलं नाही. पण दारापलीकडे कुणीतरी श्वास धरून उभं आहे, अशी माझी खात्री झाली. लपाछपीत तू पडद्यामागे असलास की मला कळायचं ना, तसंच. मी दार ढकललं असतं तर एका क्षणात सगळं कळलं असतं. मी ढकललं नाही. तू नसलास तर, याची भीती वाटली. आणि तू असलास तर, याचीही. बस आली तेव्हा तेस्फायनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडीतली गरम हवा वाढवली.

आई फेब्रुवारीच्या शेवटी गेली, झोपेत. आदल्या दिवशी तिनं पॅनकेक खाल्ले होते आणि जॅम कमी पडला म्हणून कुरकुरली होती. जमीन गोठलेली आहे, म्हणून दफन वसंतात होईल. इतकी वर्षं माझ्या वतीनंही तीच तुझी वाट बघायची, आता ते काम माझ्याकडे आलंय, आणि मला ते तिच्यासारखं जमत नाही.

हे मी आत्ता का लिहितेय ते सांगते. येत्या गुरुवारी आपलं घर पाडणार आहेत. बसचा मार्गही बदलतोय, सोमवारपासून ती बर्गबाकनकडून जाणारच नाही. मी घर पाडणाऱ्यांना सांगितलं की आत कुणी असेल. त्यांनी जाऊन पाहिलं, कुणी नाही म्हणाले. म्हणून हे पत्र आज मागच्या दाराखालून आत सरकवतेय. एस्किल, तू असलास तर गुरुवारच्या आत बाहेर पड, इस्पितळासमोर तीन नंबरची बस धर, शेवटच्या थांब्यावर उतर. तिसरा मजला, दारावर आपलं आडनाव आहे. आणि तुम्ही एस्किल नसाल, माझा भाऊ त्या बोटीबरोबरच गेला असेल, आणि तुम्ही थंडीत आसरा शोधत आलेला कुणी परका माणूस असाल, तर हे तुम्हालाच लिहिलंय असं समजा. एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि तिनं तुम्हाला दुसऱ्याच नावानं हाक मारली. तुम्ही तिचं बोलणं खोडून काढलं नाहीत, “आज नको, आई” म्हणालात. त्या तीन शब्दांवर माझी आई दीड महिना गाढ झोपली, आणि झोपेतच गेली. कोण आहात ते मी विचारणार नाही. दार वाजवा, जेवायला या.

तुझीच, आणि तू तो नसलास तर तुमची,
रौनी